मोठी टूरिंग गाडी: साधी घ्यावी की सगळं इलेक्ट्रॉनिक्स असलेली?

रंकाळ्याचा_रायडर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, वय ४६. गेली बारा वर्षं एकच गाडी, ३५० ची कार्ब्युरेटरवाली बुलेट. तिच्यावर हंपी-बदामी किती वेळा झालं ते मोजलेलं नाही, कन्याकुमारी झालं, दोन वर्षांपूर्वी स्पीती पण झालं. आता पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हात जरा मोकळा झालाय, आणि पुढची दहा वर्षं मी आणि बायकोने मिळून देश बघायचा असं ठरवलंय, म्हणजे दिवसाला ४००-४५० किमी, दोन माणसं आणि सामान. बुलेटवर एवढ्यात हिची कंबर धरते आणि ९० च्या वर गाडी थरथरते त्यामुळे मोठी गाडी घ्यायचीच आहे.

समोर दोन आहेत. एक रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५०, हवा-तेलाने थंड होणारं दोन सिलिंडरचं (ट्विन) इंजिन, २४१ किलो, सीट ७४० मिमी म्हणजे पाय आरामात टेकतात, मीटर बघितला की सगळं कळतं. दुसरी एका ओळखीच्यांची तीन वर्षं वापरलेली १२०० च्या वर्गातली परदेशी अ‍ॅडव्हेंचर टूरर. तिच्यात पाच रायडिंग मोड, इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलतो), रडारवालं क्रूझ (वेग आपोआप धरतं आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतं), चावी खिशातच ठेवायची. पैसे अर्थातच खूप जास्त.

ती मोठी मी कात्रजच्या जुन्या घाटात चालवून बघितली आणि खरं सांगतो अशी गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती, खड्डा दिसतो पण लागत नाही. पण एका वळणावर समोरून टेम्पो आला, मी हॉर्न दाबायला गेलो तर अंगठा भलत्याच बटणावर पडला आणि स्क्रीनवर सस्पेन्शनचा मेनू उघडला. डाव्या मुठीपाशी इतकी बटणं आहेत की हॉर्न शोधायला मला खाली बघावं लागलं. काही झालं नाही पण ते डोक्यातून जात नाहीये. घरी येईपर्यंत विचार करत होतो की सर्व्हिस सेंटर पाचशे किलोमीटरवर असताना यातलं एखादं बंद पडलं तर मी आणि ही काय करणार. बुलेटचा प्लग काढून पुसून परत लावता येतो, हिच्यात प्लग कुठे आहे तेच दिसत नाही.

ज्यांनी अशा गाड्या खरंच लांब नेल्यात त्यांनी सांगा.

धुळीतला_पुणेकर

दादा, मी असली गाडी पाच वर्षं चालवतोय, कंपनीचं नाव घेत नाही कारण मुद्दा कंपनीचा नाही. दोन प्रसंग सांगतो.

पहिला, २०२२, काझाहून मनालीला येताना बातलच्या पुढे. आम्हाला निघायला उशीर झाला होता, दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं हे माहीत असून पण, आणि एका नाल्यात गाडी आडवी झाली. उचलली, चावी बंद करून चालू केली (पडल्यावर टिप-ओव्हर सेन्सर इंजिन बंद करतो, बऱ्याच गाड्यांना इग्निशन बंद-चालू केल्याशिवाय परत स्टार्ट होत नाही, हे लक्षात ठेवा), गाडी लगेच सुरू झाली. पण पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर दगडात अडकून तुटली होती. स्क्रीनवर पिवळे दिवे. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारं) गेलं, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारं) गेलं, क्रूझ गेलं. आणि गाडी? गाडी तशीच चंदीगडपर्यंत चालली, ब्रेक जरा जपून मारले, बाकी काही फरक नाही.

दुसरा, २०२४, मनाली-लेह रस्त्यावर सरचूच्या तंबूत रात्र काढली, सकाळी बाहेर आलो, सीटवर दव गोठलेलं. बटण दाबलं तर स्क्रीन म्हणते चावी सापडत नाही. इंजिन ठणठणीत, बॅटरी फुल, टाकी अर्धी भरलेली, आणि गाडी एक ढिम्म वस्तू. थंडीने चावीतला नाण्याएवढा सेल मान टाकून बसला होता. नेटवर्क नाही म्हणून मॅन्युअल उघडत नाही. तीन तास गेले. शेवटी लेहकडून आलेल्या एका रायडरने सांगितलं की मागच्या सीटखाली एका ठराविक जागी चावी चिकटवून धरली की सेल नसतानाही गाडी ओळखते. धरली, सुरू झाली. म्हणजे उपाय कंपनीने दिला होता, मला गाडी देताना कुणी दाखवला नव्हता, आणि मी पण विचारला नव्हता.

तेव्हापासून मी कुठलीही गाडी बघताना प्रत्येक गॅजेटबद्दल एकच विचारतो: हे मेलं तर गाडी चालते का? एबीएस मेलं, चालते. क्रूझ मेलं, चालते. चावी मेली, नाही चालत. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन मधे येतं, चालते, पण जिथे असेल तिथेच अडकतं, आणि मागे बायको, तीन बॅगा अशा वेळी ते मऊवर अडकलं तर गाडी प्रत्येक खड्ड्यात बसते. गॅजेट किती आहेत हे मोजू नका, त्यातली किती गाडी अडवू शकतात ते मोजा.

कराडचा_फिटर

नमस्कार. माझं गॅरेज आहे हायवेला लागून, २७ वर्षं झाली. पुणेकर दादांनी बरोबर सांगितलं, मी फिटरच्या बाजूने सांगतो.

आधी बुलेटचं. तुम्ही स्पीतीला गेला तेव्हा कुंझूम खिंडीच्या चढाला गाडी काळा धूर सोडत होती का नाही? ओढत नव्हती? कारण वर हवा विरळ, आणि कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो बिचारा खालच्या हिशोबानेच पेट्रोल सोडतो, मग प्लग काळा. म्हणून तुम्हाला तो पुसता येणं उपयोगी पडलं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवेचा दाब बघतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी करतो, तुम्हाला गाडी थांबवावीच लागत नाही. त्यामुळे साधी म्हणजे दुरुस्त होणारी, आणि दुरुस्त होणारी म्हणजे न बिघडणारी, असं धरून चालू नका. मी वीस वर्षं कार्ब्युरेटर साफ केलेत, त्यातले निम्मे लोक रस्त्यात अडकून आलेले असायचे.

आता माझ्याकडे येऊन बंद पडलेल्या मोठ्या गाड्यांचं सांगतो. ईसीयू गेलाय असं मी फार क्वचित बघितलंय. जातात ते कपलर (वायरींचे जोड), वायर आणि स्विच. मागच्या जुलैत एक जण आंबोलीहून टेम्पोत गाडी घालून घेऊन आला, गिअर टाकला की इंजिन बंद. त्याला वाटलं कॉम्प्युटर उडाला, डोळ्यात पाणी होतं माणसाच्या. मी खाली वाकून बघितलं, साइड स्टँडच्या स्विचमध्ये लाल चिखल बसून घट्ट झालेला, गाडीला वाटत होतं स्टँड खालीच आहे. ब्रशने आणि पाण्याने साफ केला, दहा मिनिटं. आणि हा स्विच तुमच्या साध्या गाडीत पण असतोच, हे लक्षात घ्या. टेम्पोचं भाडं साडेचार हजार झालं त्याचं. कुठल्याही गाडीत हा स्विच, क्लच लिव्हरचा स्विच आणि फ्यूजचा डबा कुठे आहे एवढं बघून ठेवा.

दुसरं कारण म्हणजे बाहेरून लावलेले फॉग लॅम्प आणि मोबाइल चार्जर, रिले न घालता मूळ वायरिंग कापून जोडलेले. आणि तिसरं प्रेशर वॉशर, लोक नोझल थेट कपलरवर मारतात.

टापेटचं, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हचा गॅप बघण्याचं म्हणाल तर ६५० ट्विनला स्क्रू आणि लॉकनट आहे, टाकी उतरवली की फीलर गेज घालून मी तासा-दीड तासात करतो. तुम्ही म्हणता तसल्या मोठ्या गाड्यांपैकी डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही४ ला व्हॉल्व्ह चेक ६०,००० किमीला आहे, म्हणजे तुमच्यासारख्याला चार-पाच वर्षं बघायचंच नाही, पण वेळ आली की अर्धी गाडी उघडायची आणि ते काम माझ्यासारख्याचं नाही. साध्या फोर्कचं ऑइल सील मी दुपारच्या जेवणाआधी बदलून देतो. इलेक्ट्रॉनिक शॉकअब्झॉर्बर कराडात कुणी उघडणार नाही, मी पण नाही, उगाच हो म्हणणार नाही.

गोदाकाठची_बाईकर

नाशिकहून. सगळे बिघडण्याबद्दलच लिहिताहेत म्हणून दुसरी बाजू लिहिते.

माझी उंची ५ फूट २ इंच. मोठ्या टूररच्या सीट ८३०-८५० मिमी. सिग्नलला दोन्ही पायांचे फक्त अंगठे टेकतात आणि रस्त्याला जरा उतार असला की २५० किलो एका बाजूला झुकायला लागतात, आणि एकदा झुकले की मला धरता येत नाहीत, दोनदा पाडलीय. हार्लीच्या पॅन अमेरिकाला २०२१ पासून थांबताना आपोआप खाली बसणारं सस्पेन्शन मिळायला लागलं, मैत्रिणीची चालवली, आणि पहिल्यांदा मला मोठ्या गाडीवर शांतपणे थांबता आलं. तुमच्यासाठी ते गॅजेट असेल, माझ्यासाठी ती गाडी मी चालवू शकते की नाही एवढा प्रश्न आहे. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक म्हणजे नको असं सरसकट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि एबीएस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कसारा घाटात, संध्याकाळी, रस्त्यावर डिझेल सांडलेलं आणि वर पाऊस, पुढच्या बसने एकदम ब्रेक मारला. लिव्हर बोटांखाली धडधडत होता ते मला अजून आठवतं, चाक लॉक झालं नाही, बसच्या मागे हातभर अंतरावर थांबले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. बीएमडब्ल्यूने ते १९८८ मध्ये के१०० ला दिलं होतं, आपल्या साध्या गाड्यांपर्यंत यायला तीस वर्षं गेली, त्यात किती माणसं गेली असतील.

रडार क्रूझ मात्र मी पैसे देऊन घेणार नाही. ते चालतं मोकळ्या, लेन पाळणाऱ्या रस्त्यावर. आपल्याकडे असे रस्ते म्हणजे पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी, आणि तिथे दुचाकीला बंदी. राहिलेल्या हायवेवर उसाची ट्रॉली उलट्या बाजूने येते. साधं क्रूझ हवं, लांब पल्ल्याला उजवं मनगट सुटतं.

ह्यूस्टनकर_तात्या

इकडून लिहितोय. माझ्याकडे होंडाची २०१८ ची गोल्डविंग आहे, सहा सिलिंडर, १८३३ सीसी, सात गिअरचं डीसीटी (आपोआप गिअर बदलणारं), वजन पावणेचारशे किलोच्या वर. टेक्सासमधून आय-१० हा हायवे जवळजवळ १,४०० किमी जातो आणि पश्चिमेकडे ताशी ८० मैलांची मर्यादा आहे, तासन् तास वळण नाही. तिथे क्रूझ, उंच होणारी काच, गरम मुठी यातलं काही उधळपट्टी वाटत नाही, आणि वाटेतल्या मोठ्या शहरांत डीलर असतो. तुमच्याकडे कात्रजला गडबड वाटलेली गाडी इकडे तशी वाटली नसती.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९७५ ची पहिली गोल्डविंग, जीएल१०००, त्या काळात भयंकर गुंतागुंतीची गाडी होती, पाण्याने थंड होणारं चार सिलिंडरचं आडवं इंजिन, चेनऐवजी शाफ्ट. पेट्रोलची टाकी सीटखाली, आणि नेहमीच्या जागी नुसतं टाकीच्या आकाराचं झाकण. त्या झाकणाखाली होंडाने किकचा दांडा ठेवला होता. बॅटरी बसली तर काढायचा, लावायचा, किक मारायची. म्हणजे गाडी गुंतागुंतीची पण अडकू नये याचा विचार केलेला. पुणेकरांनी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर तेव्हाच्या इंजिनिअरनी लोखंडात दिलं होतं. आज तसा दांडा कुठल्या मोठ्या टूररमध्ये मिळतो?

आणि साधेपणा कुणासाठी हे पण बघा. शाफ्ट फिटरला अवघड आहे, पण मी सात वर्षांत चेनला तेल घातलेलं नाही, ताण बघितलेला नाही. चेन उघडी, सोपी, कुणीही बदलेल, पण पावसाळ्यात रोज संध्याकाळी तुम्हालाच तिच्याशेजारी बसायचंय.

सोलापुरी_चाक

३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के झालाय, नवीन ६५० घेताना ऑन-रोड किंमत आजची विचारा, जुन्या व्हिडिओतली धरू नका. आणि जुनी परदेशी गाडी घेणार असाल तर दोन्ही चाव्या आहेत का बघा, एकच असेल तर सोडून द्या.

रंकाळ्याचा_रायडर

सगळ्यांचे मनापासून आभार. फिटर दादा, हो, कुंझूमला काळा धूर सोडत होती आणि मी दोनदा प्लग काढला, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. ही मागे थंडीत कुडकुडत उभी होती हे आज तुमचं वाचल्यावर आठवलं.

शनिवारी परत पुण्याला गेलो, हिला घेऊन. मोठ्या गाडीच्या मालकाला विचारलं चावीचा सेल गेला तर काय करायचं, त्यांना सांगता आलं नाही. दुसरी चावी हरवलीय. मग हातमोजे घालून, डोळे मिटून, दोन्ही गाड्यांचा हॉर्न शोधला. ६५० चा पहिल्या झटक्यात लागला. मोठीचा तिसऱ्या वेळी. ही मोठ्या गाडीवर जास्त खूश होती, सीट खरंच छान आहे, तिने ते लपवलं नाही आणि मला पण त्याचं वाईट वाटलं. पण परत येताना ती म्हणाली, कुठे अडकलो तर तुला हातपाय हलवता येतील अशी घे, सीट आपण करून घेऊ.

६५० बुक केलीय. ताई, क्रूझ हिच्यात नाही, ते मनगटाचं बघावं लागेल. टाकी १५.७ लिटरची आहे त्यामुळे लेहला कॅन न्यावा लागेल.

फिटर दादा, वॉरंटी संपली की टापेट कसे बघायचे ते मला शिकवाल का? सकाळी कोल्हापुरातून निघून नऊपर्यंत पोचतो.

कराडचा_फिटर

शिकवतो की. पण सकाळी निघून येऊ नका. टापेट गार इंजिनवर बघतात, तुम्ही ७० किमी चालवत आणली की दुपारपर्यंत हात लावता येणार नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी या, गाडी रात्रभर गॅरेजात राहू दे, तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला थांबा. आणि टाकी भरून आणू नका, उतरवायची आहे.