प्रतिसाद: चर्च म्हणजे फक्त इमारत नाही हो

वर कोणीतरी लिहिलंय की चर्च म्हणजे ख्रिश्चनांचं देऊळ, विषय संपला. अहो तेवढं सोपं नाहीये ते. आमच्या इंदूरात रिक्षावाल्याला व्हाइट चर्च म्हटलं की तो त्या चौकात आणून सोडतो, म्हणजे तिथं तर तो नुसता पत्ता झाला, देवाचा संबंधच नाही :)

पण इंग्रजीत बघा, 'चर्च इज ॲट टेन' म्हणजे दहाला प्रार्थना आहे, इमारत काय दहालाच थोडी असते! 'ही वेंट इंटू द चर्च' म्हणजे बरेचदा तो पाद्री झाला, मी शाळेत असताना याचं भाषांतर 'तो चर्चमध्ये गेला' असं करून मोकळा झालो होतो. चर्च ऑफ इंग्लंड म्हणजे अख्खा पंथ, १५३४ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री पोपला बाजूला सारून स्वतः ज्याचा प्रमुख झाला तो. आणि चर्च अँड स्टेट म्हणतात तेव्हा चर्च म्हणजे एकूणच धर्मसत्ता.

मजा म्हणजे चर्च हा शब्द ग्रीक 'किरियाकोन'वरून आलाय, म्हणजे प्रभूचं, पण बायबलमधल्या नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये आहे 'एक्लेसिया', म्हणजे जमलेली माणसं, सभा. त्याचंच पोर्तुगीजमध्ये इग्रेजा झालं, गोव्याकडे कोकणीत इगर्ज म्हणतात ते तेच. म्हणजे आधी माणसं, मग इमारत, आपल्या सत्संगासारखं काहीसं. देऊळ म्हणजे तर देवाचं घर, तिथं माणसं नसली तरी चालतं, म्हणून ते भाषांतर मला तरी पटत नाही बुवा.