मदत हवी आहे: नववीला लिंगभाव ओळखीवर तास घ्यायचा आहे, पालकांनी हरकतीचं पत्र दिलंय

करवीर_शिक्षिका
कोल्हापूर शहरातली अनुदानित शाळा, मुलंमुली एकत्र. नववीच्या दोन तुकड्या, एकेका तुकडीत ५५ च्या आसपास मुलं. 'लिंगभाव आणि एकमेकांचा आदर' असा ४० मिनिटांचा तास ठरवला होता. पालकांच्या ग्रुपवर सूचना गेली आणि दोन दिवसांत ११ पालकांच्या सह्यांचं पत्र आलं: बाहेरच्या देशातली खुळं आमच्या पोरांच्या डोक्यात घालू नका. मुख्याध्यापक म्हणतात, तूर्त थांबा. मला तास सोडायचा नाही आणि पालकांना डावलायचंही नाही. पालकसभेत कोणता आधार दाखवू? वर्गात नेमकं काय सांगू आणि कुठे थांबू? आणि एखादं मूल स्वतःहून येऊन बोललं तर शाळेने काय करायचं?

दप्तर_तपासणी
ताई, आधी सूचना मागे घ्या आणि नव्याने काढा. 'लिंगभाव ओळखीवर विशेष तास' असं वाचलं की पालकांना वाटतं, शाळेने काहीतरी नवीनच उकरून काढलंय. आयुष्मान भारतखालच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात (फेब्रुवारी २०२०) ११ विषय आहेत आणि लिंगभाव समानता हा त्यातलाच एक. त्यासाठी प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक नेमायचे असतात, शक्यतो एक बाई, एक सर. तुमच्याकडे ते नेमलेले असतील तर तास त्यांच्या नावाने लावा.

दुसरा आधार तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यायची, असं कलम १३ सांगतं. कलम ११ प्रमाणे संस्थेत तक्रार अधिकारी नेमायचा असतो. तो नेमला नसेल तर याच निमित्ताने नेमून घ्या.

पण सभेत 'कायद्याने हा धडा सक्तीचा आहे' असं चुकूनही म्हणू नका. कलम १३ भेदभाव नको म्हणतं, अमुक पाठ शिकवा असं म्हणत नाही. एखादा पालक कायदा उघडून बसला तर तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडेल. तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दलची एनसीईआरटीची २०२१ ची पुस्तिकाही आधाराला घेऊ नका. ती शिक्षकांसाठी होती, मुलांसाठी नव्हती, आणि राष्ट्रीय बालहक्क आयोगाने हरकत घेतल्यावर ती संकेतस्थळावरून काढली गेली. ती बातमी पालकांना एका मिनिटात सापडते.

कागदाचा क्रम असा ठेवा: सखी सावित्री समितीची बैठक (मुलांच्या, विशेषतः मुलींच्या सुरक्षिततेसाठीची ही समिती १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत हवीच), इतिवृत्तात विषय, सोबत तासाचं पूर्ण टिपण. मग निदान १० दिवस आधी पालकसभेची लेखी सूचना. सभेत भाषण कमी करा. वर्गात जे जे दाखवणार ते सगळं भिंतीवर लावा आणि पालकांना जवळ जाऊन वाचू द्या. २००७ साली राज्याने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला, तेव्हा मोठा आक्षेप साहित्यातल्या चित्रांवर होता. म्हणून साहित्य आधी पालकांनी पाहायचं, मग मुलांनी.

समुपदेशिका_राजारामपुरी
तासाबद्दल लिहिते. दोन्ही तुकड्या हॉलमध्ये एकत्र बसवू नका. ११० मुलांसमोर एक जण फिदीफिदी हसला की तास गेला. मुलं आणि मुली वेगळ्याही बसवू नका, नाहीतर बाहेर पडल्यावर 'तुम्हाला काय सांगितलं?' यातच सगळं संपतं.

पहिली ५ मिनिटं नियम: कोणाचं नाव घ्यायचं नाही, स्वतःबद्दल काही सांगायची सक्ती नाही. पुढची १२ मिनिटं चिठ्ठ्या. १२ ते १४ पुरतात: दाढी येणं, पाळी येणं, भाकरी थापणं, कुस्ती खेळणं, रडणं, गाडीचं पंक्चर काढणं, रांगोळी घालणं, बाळाला अंगावर पाजणं. फळ्यावर दोन रकाने: 'शरीराचं' आणि 'माणसांनी ठरवलेलं'. कुस्तीवर कोल्हापुरात वाद होणारच, होऊ द्या. तालमीत मुलीही सराव करतात हे वर्गातलंच कोणीतरी सांगतं, आणि ते तुम्ही सांगण्यापेक्षा जास्त पटतं.

नंतर १० मिनिटांत तीन शब्द. लिंग म्हणजे शरीर. लिंगभाव म्हणजे बाईने कसं वागावं, पुरुषाने कसं वागावं याच्या समाजाच्या अपेक्षा. लिंगभाव ओळख म्हणजे माणसाला आतून स्वतःबद्दल वाटणारी जाण. बहुतेकांची ती शरीराशी जुळते, काहींची जुळत नाही. कोणाबद्दल आकर्षण वाटतं हा चौथा आणि वेगळा विषय, एवढंच सांगून पुढे जा.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. शिक्षक उदाहरण देतात, 'एखाद्या मुलाला लहानपणापासून बाहुल्या आवडतात, मुलींत खेळावंसं वाटतं...' असं म्हटलंत की आधीच्या १२ मिनिटांत जे पुसलं तेच परत लिहिलंत. रांगोळी घालणारा मुलगा मुलगाच असतो, केस बारीक ठेवणारी मुलगी मुलगीच असते. आवडीनिवडीवरून कोणाची ओळख ठरत नाही, हे वाक्य मोठ्याने आणि दोनदा म्हणा. तुमच्या ११ पालकांची निम्मी भीती या एका वाक्यात उतरते. त्याच कारणाने 'ओळखा पाहू तुम्ही कोण' छापाच्या प्रश्नावल्या, हात वर करायला लावणं, इंटरनेटवरचे इंग्रजी तक्ते यातलं काहीही नको.

उरलेला वेळ चिडवण्याला द्या. 'बायल्या', 'छक्का' हे शब्द मैदानावर रोज ऐकू येतात. ते कोणाला लागतात, ऐकणाऱ्याने काय करायचं, तक्रार कोणाकडे करायची. शेवटची ५ मिनिटं बिननावाच्या प्रश्नचिठ्ठ्या.

उत्तरेश्वर_पालक
त्या पत्रावर माझी सही नाही, पण भीती समजते. मुलांच्या लिंगभाव ओळखीच्या उपचारांबद्दल इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठी डॉ. हिलरी कॅस यांनी केलेल्या पाहणीचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. मुलांचं वयात येणं थांबवणाऱ्या औषधांचा पुरावा कच्चा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. नाव, पोशाख, संबोधन बदलणं हाही साधा बदल समजू नये, असंही म्हटलंय. मग शाळेने घरी न सांगता मुलाला नव्या नावाने हाक मारायची का? हे सभेत विचारलं जाणार.

समुपदेशिका_राजारामपुरी
विचारलंच पाहिजे, सर. माझं उत्तर: शाळेने आपल्या मनाने नाव बदलायचं नाही. औषधांचा तर वर्गात उल्लेखही नको, तो डॉक्टर, मूल आणि पालक यांच्यातला विषय आहे. पण तो अहवाल मुख्यतः दवाखान्यातल्या उपचारांबद्दल आहे. मैदानावर एखाद्याला बायल्या म्हणून कोपऱ्यात घेतात, ते थांबवण्याविरुद्ध त्यात काहीही नाही. सभेत धडा, एका मुलाला आधार आणि उपचार या तीन गोष्टी सुट्या मांडा. तिन्ही एकत्र झाल्या की भांडण होतं.

मूल स्वतःहून बोललं तर ऐकून घ्या. 'हे वय जाईल' म्हणू नका आणि 'तू नक्कीच तशी आहेस' असंही म्हणू नका. 'कोणालाच सांगणार नाही' हे वचन देऊ नका, पण त्याच संध्याकाळी घरी फोनही करू नका. आधी विचारा: घरी कळलं तर काय होईल? मारहाण, शाळा बंद, घाईने लग्न यातली भीती असेल तर पहिलं काम सुरक्षिततेचं. नसेल तर मुलाच्या संमतीने, त्याला ज्याचा आधार वाटतो त्या पालकाला आधी बोलवा. पुढे सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, किशोरवयीन मुलांसाठीचं सरकारी मैत्री क्लिनिक, फोनवर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, बालकांसाठी १०९८. 'बदलून देतो' म्हणणाऱ्याकडे मात्र पाठवू नका. असे उपचार हे डॉक्टरांचं गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलंय.

कलमवाचक
नोंदींबद्दल. जनरल रजिस्टरमधलं नाव किंवा लिंग शाळा स्वतःहून बदलू शकत नाही, प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. १८ खालच्या मुलाच्या तृतीयपंथी ओळख प्रमाणपत्राचा अर्जही २०१९ च्या कायद्यानुसार पालकांनीच जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ च्या आदेशात शाळांसाठी बऱ्याच सूचना दिल्या आहेत. त्या आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण वाचण्यासारख्या आहेत.

रोजच्या व्यवहारात कागद न हलवता होणारं बरंच आहे. हजेरी सगळ्यांचीच क्रमांकाने. रांगा उंचीप्रमाणे. खेळाच्या तासाला सगळ्यांना ट्रॅकपँट. एक सुटं स्वच्छतागृह, आतून कडी, पाणी, झाकणाची कचरापेटी, दारावर कसलीही पाटी नाही, आजारी असो की पाळी आलेली, कोणीही वापरावं. एकाच मुलाला 'तू स्टाफचं वापर' सांगितलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला कळतं.

करवीर_शिक्षिका
फार उपयोग झाला. एक शंका. मुलं नक्की विचारणार: मार्गशीर्षात सौंदत्तीला यल्लमाच्या, म्हणजे रेणुकेच्या, जत्रेला जाणारे, ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात दिसणारे जोगते, ते हेच का?

कलमवाचक
२०१९ च्या कायद्यातल्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्यासोबत 'जोगता' हा शब्द आहेच. 'परदेशातलं खूळ' या आक्षेपाला याहून जवळचं उत्तर नाही. पण वर्गात बरोबरीचं चिन्ह काढू नका. जोगता होणं देवीला वाहून घेण्याशी जोडलेलं आहे. कोणी आतून स्त्री असल्याच्या जाणिवेने त्या वाटेला येतं, कोणी नवसाने, कोणी घरच्यांच्या दबावाने. परडी आणि जग (जोगते डोक्यावर वाहतात ती देवीची मूर्ती) यांची चेष्टा वर्गात कोणी करणार नाही, एवढं बघा. बहुतेकांच्या घरी यल्लमाचं काही ना काही असतंच.

समुपदेशिका_राजारामपुरी
प्रश्नचिठ्ठ्या तिथल्या तिथे वाचू नका, हे राहिलं होतं. अक्षर ओळखू येतं. घरी नेऊन वाचा, उत्तरं पुढच्या आठवड्यात एकत्र द्या. चिठ्ठीत कोणी हात लावल्याचा, फोटो मागितल्याचा उल्लेख निघाला तर ती उत्तर द्यायची चिठ्ठी नव्हे. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे लगेच पोलिसांना कळवायचं असतं, संस्थेच्या बैठकीची वाट पाहायची नसते. ती चिठ्ठी फाडू नका, तारीख घालून बंद पाकिटात ठेवा.