दर्या आणि दऱ्या: वाचताना जीभ कुठे अडते

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ मुलं सारखंच वाचतात, अशी तक्रार ऐकू येते. दोष बहुतेकदा डोळ्यांचा नसून कानाचा असतो. ‘दर्या’त र् मागच्या द ला चिकटतो, दर्-या, म्हणून द जड होतो, मात्रा चार. ‘दऱ्या’त द हलका राहतो आणि ‘ऱ्या’ एका झटक्यात येतो, मात्रा तीन. टाळी देऊन म्हणून घ्या, फरक लगेच कानावर येतो.

ओळखायची खूण: मूळ शब्द रा, री, रे असा संपत असेल तर रूप ऱ्य चं. किनारा-किनाऱ्यावर, खारा वारा-खाऱ्या वाऱ्यात, दरी-दऱ्या. सूर्य, कार्य यांचा रफार, म्हणजे डोक्यावरचा र्, मात्र विभक्तीतही हलत नाही.

कधी कधी चूक छापील मजकुरातच असते. मोबाईलवर र, हलन्त (पाय मोडायची खूण), य असं टाइप केलं की रफारच उमटतो. ऱ्य हवा तर नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घ्यावा लागतो. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत तो शिफ्ट-जे वर आहे. ‘किनार्यावर’ छापलेलं वाचणाऱ्याची काय चूक?

खरा घोळ च-ज-झ चा, कारण तिथे लिपी काहीच सांगत नाही. ‘चिऱ्याचा गडगा’ घ्या. पहिला च तालव्य, म्हणजे टाळूवरचा, चहातला. शेवटचा दंततालव्य, म्हणजे दातांजवळचा, चुन्यातला. पुढे इ, ई किंवा य आला की तालव्यच: माझा, पण माझी, माझ्या. बाकी ठिकाणी अडेल तिथे पेन्सिलीने टिंब देऊन ठेवा. ‘सिंह’ सिंव्ह असाच वाचायचा, त्यात वाद नको.