तासाला किती पडले, हा हिशेब बंद करा

सेव्हपॉइंट:
काल नव्या रिलीजवरच्या चर्चेत एकाने लिहिलं, "शंभर तासांचा गेम ८० डॉलरला म्हणजे तासाला एक डॉलरसुद्धा पडत नाही. तरीही ज्यांचं रडगाणं चालू आहे ते नुसते कद्रू." खाली सहमतीची रांग लागली. उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

तासांचं माप आपणच धरलं आणि कंपन्यांनी ते उचललं. गेल्या महिन्यात एक मोठा ओपन-वर्ल्ड गेम, म्हणजे नकाशावर हवं तिथे हिंडायचा, संपवला. मनोऱ्यावर चढायचं, नकाशा उघडतो, त्यावर चाळीस खुणा उमटतात. खूण गाठली की पेटी, पेटीत तीच कातड्याची पट्टी आणि चार नाणी. अशा दोनशेच्या वर पेट्या उघडल्या. शेवटच्या प्रकरणाला तिसाव्या लेव्हलची अट होती, मी होतो सव्विसाव्या लेव्हलला. कथा ऐन रंगात आलेली आणि मी आठ तास रानडुकरं मारत हिंडतोय. ते आठ तासही त्या "तासाला एक डॉलर"मध्ये मोजलेत. माझ्या लेखी ते गेमने माझ्याकडून वसूल केलेले तास आहेत.

आता २००७चा पोर्टल हा कोड्यांचा गेम घ्या. तीन-चार तासांत संपतो. प्रत्येक खोली आधीच्या खोलीत शिकलेलं वापरायला लावते आणि वर एक नवी गोष्ट शिकवते. भरताड म्हणून टाकलेली एकही खोली मला सापडलेली नाही. तासांच्या हिशेबात मात्र तो नापास.

आणि किंमत तरी तासांवर ठरते कुठे? एक्सबॉक्स ३६० कन्सोलच्या वेळी ६० डॉलरचा पायंडा पडला, २०२०मध्ये ७० सुरू झाले, २०२५मध्ये मारिओ कार्ट वर्ल्ड ८०ला आला. त्याच वर्षी क्लेअर ऑब्स्क्योर ५०ला आला आणि सिल्कसाँग २०ला. ८०वाला २०वाल्याच्या चौपट लांब आहे का? पहिल्या दिवशी हातात काय पडतं आणि ते किती नीट घडवलंय, यावर किंमत जोखा.

कार्ट्रिजवाला:
भावना पोचल्या, पण हिशेब अर्धाच मांडलात. २००६चे ६० डॉलर महागाई धरली तर आज नव्वदच्या पुढे जातात. १९९०च्या दशकात कार्ट्रिजवरचे, म्हणजे कन्सोलमध्ये खुपसायच्या डबीतले, काही गेम ७०-८० डॉलरला विकले जायचे, त्यांची आजची किंमत काढून बघा, डोळे पांढरे होतील. तेव्हा वीस-तीस माणसं वर्षभरात गेम उभा करायची. आता शेकडो माणसं चार-पाच वर्षं राबतात. त्यांचे पगार कुठून यायचे? मी तो काळ जगलोय. आजचा गेमर लाडावलेला आहे, हे माझं स्पष्ट मत. ज्याला जड वाटतं त्याने सहा महिने थांबावं.

अर्धविराम:
कार्ट्रिजवाले काका, त्या किमतीत रॉमची चिप होती, खोका होता, छापील पुस्तिका होती, वाहतूक होती. आज मी डाउनलोड करतो. खोका नाही, गोदाम नाही. तेव्हा दहा लाख प्रती खपल्या की डंका वाजायचा, जीटीए फाइव्ह हा एकच गेम २० कोटींच्या वर खपलाय. प्रत वाढवायचा खर्च जवळपास शून्य, तेव्हा महागाईचं गणित असं सरळ लावता येत नाही.

शिवाय तेव्हाचे ६० म्हणजे अख्खा गेम. आता ७० हा प्रवेश फी आहे. पुढे डिलक्स आवृत्ती, सीझन पास, पोशाख, सगळ्याचे वेगळे पैसे. २००६मध्ये ऑब्लिव्हियन गेमने त्यातल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आज तेवढ्याला कोणी वळूनही बघत नाही.

आणि एक सांगा, कंटाळा आल्यावर ते कार्ट्रिज तुम्ही विकलंत की नाही?

कार्ट्रिजवाला:
विकलं. दोन विकून तिसरं घेतलं, मित्रांत फिरवलीही. तो मुद्दा तुमचा, घ्या. डाउनलोड विकता येत नाही आणि किंमत मात्र तीच, हे मलाही खटकतं. पण खर्च वाढला हे तुम्ही खोडलेलं नाही, बगल दिलीत.

वर्षाला एक:
धागालेखकाला मनापासून सांगतो, तुमचा लेख वाचून राग आला. "तासांचा हिशेब बंद करा" हे ज्याच्या लायब्ररीत न उघडलेले पन्नास गेम पडलेत तो म्हणू शकतो.

माझ्या घरी वर्षाला एक गेम यायचा. एकच. सातवीत असताना घेतलेला एक आरपीजी, म्हणजे पात्र होऊन खेळायचा कथेचा गेम, मी दोन वर्षं खेळलो. त्यातल्या वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक वाचलंय. एका गावात एक म्हातारा विहिरीपाशी बसायचा, रात्री पाऊस असेल तरच वेगळं वाक्य बोलायचा, हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. तो चार तासांचा निघाला असता तर उरलेले अकरा महिने मी काय केलं असतं? तुमचा पोर्टल थोर असेल, पण वर्षाचा एकच गेम म्हणून तो घ्यायची हिंमत मला झाली नसती. तुम्ही ज्या डुकरांना वैतागलात ती मी आनंदाने मारली असती.

आजही मी तास बघतो. मला कद्रू म्हणा.

सेव्हपॉइंट:
कद्रू शब्द माझा नव्हता, मी तर त्याच्याविरुद्धच लिहिलं. पण तुमची बाजू माझ्या डोक्यात आली नव्हती, हे कबूल. तरी बघा, तुम्ही विहिरीवरच्या म्हाताऱ्याची आठवण सांगितलीत. पावसातलं ते वाक्य कोणीतरी बसून लिहिलं होतं. दोनशे पेट्यांमागे असं कोणी बसलेलं नसतं. फरक तिथे आहे.

दोघीजणी:
मी गेम बनवते. मी आणि माझी मैत्रीण, दोघीच. नोकरी सांभाळून तीन वर्षं एक गेम केला. आजी गेल्यावर तिचं घर आवरायचं, इतकंच त्यात आहे. वस्तू उचलायची, ठेवायची की द्यायची ते ठरवायचं, खोक्यात भरायची. शेवटच्या खोलीत शिवणयंत्र आहे. त्याचं चाक फिरवलं की सुईखाली अर्धवट राहिलेला झबल्याचा तुकडा पुढे सरकतो. त्या एका हालचालीवर आम्ही पाच आठवडे घालवले. लांबी दीड तास, किंमत ५ डॉलर.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करायची सोय असते. आमच्याकडे आलेला एक रिव्ह्यू मला पाठ आहे: "शिवणयंत्रापाशी रडलो. असा गेम खेळलो नव्हतो. दीड तासात संपला म्हणून परत केला." खाली लाल अंगठा, म्हणजे "घेऊ नका".

पूर्ण बघून, रडून, पाच डॉलर परत. आणि असा तो एकटा नव्हता. आता दुसरा गेम चालू आहे. परवा मैत्रीण म्हणाली, माळा आणि खालच्या खोलीमध्ये तीन जिने टाकू, सामान एकेक करून खाली आणायला लावू, सव्वादोन तास होतील. मी नाही म्हटलं, पण रात्री ती फाइल उघडून जिने कुठे बसतील ते बघत होते. भरताड भरताड म्हणत होतात ना? ते इथून येतं.

वर्षाला एक:
ताई, वाचून वाईट वाटलं. संपवून परत करणं ही चोरी आहे, त्याला मी दुसरा शब्द वापरणार नाही. मी परत केला नसता. पण खोटं कशाला बोलू, घेतलाही नसता.

दोघीजणी:
नका घेऊ. न घेणाऱ्यावर माझा राग नाही.

पॅचवर पॅच:
तास, महागाई, सगळं बाजूला ठेवा. गेम पूर्ण झालेला नसताना विकतात, हा खरा रोग आहे आणि त्यावर इथे अजून कोणी बोललेलं नाही.

सायबरपंक २०७७, डिसेंबर २०२०. रिलीजआधी समीक्षकांना पीसीचीच प्रत दिली, कन्सोलची दाखवलीच नाही. रिव्ह्यूत नऊ-नऊ गुण. पीएस४वाल्यांनी तेवढेच पैसे मोजले आणि त्यांना न चालणारा गेम मिळाला. आठवडाभरात पीएस४ बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, परत आला २०२१च्या जूनमध्ये. पुढे २०२३मध्ये २.० अपडेट आलं आणि सगळे म्हणू लागले, आता बघा काय गेम झालाय! नो मॅन्स स्कायचंही तेच. २०१६ला लोक फसले, मग वर्षानुवर्षं फुकट अपडेट, आता कौतुकसोहळे.

कौतुक कसलं? ज्याने विश्वास ठेवून पहिल्या दिवशी पूर्ण किंमत दिली त्याला मोडका गेम मिळाला. जो दोन वर्षं थांबला त्याला चांगला, तोही निम्म्या दरात. विश्वास ठेवणाऱ्याला दंड आणि संशय घेणाऱ्याला बक्षीस!

माझ्यावर गुदरलंय म्हणून बोलतो. एका गेमची प्री-ऑर्डर केली, रजा टाकली, सकाळपासून खेळत बसलो. चौदाव्या तासाला सेव्ह फाइल उघडेना. कंपनीचं उत्तर आलं, "पुढच्या पॅचमध्ये दुरुस्ती होईल, कृपया नव्याने सुरुवात करा." तेव्हापासून प्री-ऑर्डर बंद. कायमची.

मधला मार्ग:
प्री-ऑर्डरबद्दल सहमत. पण रिव्ह्यूचा विषय निघालाच आहे तर मला त्या लोकांबद्दल बोलायचंय जे सहाशे तास खेळून "घेऊ नका" म्हणून लाल अंगठा देतात. सहाशे तास! पंचवीस दिवस तुम्ही त्या गेममध्ये राहिलात. वाईट होता तर दहाव्या तासाला का नाही उठलात? अशांचे रिव्ह्यू मोजूच नयेत.

लाल अंगठा:
मी तोच. ६४० तास आणि लाल अंगठा. कारण ऐका आणि मग ठरवा.

पहिले ६०० तास उत्तम होते. मी हिरिरीने शिफारस करायचो, चार मित्रांना घ्यायला लावला. मग एका अपडेटमध्ये त्यांनी हत्यारं मिळवायची पद्धत बदलली, आधी खेळून मिळायचं ते पैशांनी मिळू लागलं आणि खेळून मिळवायचं तर तिप्पट वेळ. आज जो नवा माणूस तो गेम घेईल त्याला माझे ते ६०० तास मिळणार नाहीत. त्याला मिळणार दुकान. मग मी काय लिहू, "घ्या"? रिव्ह्यू नव्या गिऱ्हाइकासाठी असतो, माझ्या आठवणींसाठी नाही.

मधला मार्ग:
मग "६०० तास छान, आता बिघडला" असं लिहा ना. लाल अंगठा देऊन हिशेब चुकता करता, आणि झुंडीने करता.

लाल अंगठा:
अंगठे दोनच आहेत, तिसरा रंग असेल तर दाखवा. आणि झुंड म्हणाल तर तिच्याशिवाय ऐकतं कोण? हेलडायव्हर्स २, मे २०२४. गेम विकून तीन महिने झाल्यावर सोनीने स्टीमवर घेणाऱ्यांना सांगितलं की पीएसएन, म्हणजे सोनीचं ऑनलाइन खातं, जोडणं सक्तीचं. कित्येक देशांत ते खातं उघडताच येत नाही, तिथल्या लोकांनी ४० डॉलर मोजून घेतलेला गेम बंद पडणार होता. काही दिवसांत दोन लाखांहून जास्त लाल अंगठे पडले आणि सक्ती मागे घेतली. विनंतीपत्रं लिहून हे झालं असतं? तुमच्यासारखे लोक मधला मार्ग शोधत बसतात आणि दुसऱ्यांनी भांडून मिळवलेलं वापरतात.

मधला मार्ग:
वैयक्तिक व्हायची गरज नव्हती. हेलडायव्हर्सचं प्रकरण रास्त होतं, तिथे मीही तुमच्याच बाजूने होतो. पण त्याच हत्याराने लोक भाषांतर आवडलं नाही, कोणाचं मत आवडलं नाही म्हणून गेम बुडवतात. स्टीमला २०१९मध्ये विषयबाह्य रिव्ह्यूंची लाट गुणांतून वगळायची सोय करावी लागली ती उगाच नाही.

दोघीजणी:
तुमच्या भांडणात एक भर. फॉलआउट: न्यू व्हेगस हा गेम बनवणाऱ्यांना मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, ८५ गुण मिळाले तर बोनस ठरला होता. गुण पडले ८४. एका गुणाने गेला. मोठ्या स्टुडिओची ही तऱ्हा. आमच्यासारख्यांना पहिल्या वीस रिव्ह्यूंमध्ये सहा लाल पडले की नवं गिऱ्हाईक बिचकतं. लाल अंगठे, तुम्ही ज्यांच्याविरुद्ध लढलात त्यांच्याकडे हजार माणसं आहेत. तेच माप आम्हाला लागतं.

लाल अंगठा:
ताई, तुमच्या गेमला मी लाल दिला नसता. दीड तासांचा आहे हे सांगून दीड तास विकणारा माणूस फसवत नाही. मी सांगून बदलणाऱ्यांवर चिडलोय. लहान गेमवर काय होतं याचा विचार केला नव्हता, तेवढं मानतो.

अर्धविराम:
बदलण्याचं काय घेऊन बसलात, बंदच करून टाकतात. युबीसॉफ्ट कंपनीने आपला द क्रू हा गेम २०२४च्या मार्चअखेर बंद केला. एकट्याने खेळायचा भागसुद्धा गेला. विकत घेतलेली वस्तू घरातून उचलून नेली! त्याविरुद्धच्या युरोपातल्या मोहिमेला २०२५च्या जुलैत दहा लाखांवर सह्या झाल्या. किंमत "योग्य" आहे का विचारताना आधी विचारा, किती वर्षांसाठी?

कार्ट्रिजवाला:
माझी दोन कार्ट्रिज अजून चालतात, तीस वर्षं झाली. आतली सेव्हची बॅटरी मेली होती, ती स्वतः डाग देऊन बदलली. ८० डॉलर फार नाहीत असं मी वर सुचवलं ते या वस्तूची सवय असलेला माणूस म्हणून. दहा वर्षांत बंद पडणार असेल तर मी ८० देणार नाही. पण ती अट लिहून दिली तर देईन, आणि तरीही म्हणेन की माणसांना पगार द्यायचा तर गेम महागच होणार.

सेव्हपॉइंट:
धागा किमतीवर होता, अंगठ्यांवर गेला. असो. माझं मूळ म्हणणं मी सोडलेलं नाही. फक्त "हिशेब बंद करा" हे जरा ताठ झालं, ज्याला वर्षातून एकच घ्यायचाय त्याने तास बघावेत. बाकीच्यांनी बघू नयेत.

वर्षाला एक:
उपकार झाले असं म्हणणार नाही, पण ठीक.

मी यंदाचा अजून घेतलेला नाही. पहिल्या दिवसाचे रिव्ह्यू वाचणं सोडलंय. दोन आठवडे जाऊ देतो, मग वीस ते चाळीस तास खेळलेल्यांचे आधी वाचतो, लाल आणि निळे दोन्ही. त्यात सेव्ह फाइलची तक्रार दोनदा दिसली की तो गेम बाद. मग सहाशेवाल्यांचे वाचतो, शेवटचं अपडेट कधीचं ते बघून. या यादीत आता दोन उरलेत. एक साठ तासांचा आहे, एक अकरा. परवापासून अकरावाल्याचे रिव्ह्यू पुन्हा वाचतोय.

दोघीजणी:
अकरावाला कोणता?