माळवद नाही, भिंती फुटल्या
माळवदाच्या, म्हणजे लाकडांवर मातीचा थर घातलेल्या सपाट छपराच्या ओझ्यानंच किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली, मग असले वाडे जपायचे कशाला, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. ओझं होतंच; गळू नये म्हणून दरवर्षी पांढरी माती टाकून टाकून थर दोन-दोन फुटांवर गेलेले. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आधी फुटल्या त्या दगडी भिंती. आतलं तोंड वेगळं, बाहेरचं वेगळं, मधे नुसता चिखल नि गोटे, दोन्हींना धरणारा आरपार दगडच नाही.

आमच्या औसा तालुक्यातल्या वाड्याचं माळवद सागवानी खांब-तुळयांच्या खणांवर, म्हणजे चौकटींवर होतं. भिंत अंगणात कोसळली, खण उभे राहिले. त्यांच्याखाली झोपलेली आजी धुळीनं पांढरी होऊन चालत बाहेर आली. म्हणून डागडुजीत आरपार दगड घाला, जास्तीची माती उतरवा, पण खांब काढून स्लॅब टाकू नका.