किलोमीटरला ९ मिनिटं घेणाऱ्याने स्वतःला रनर म्हणावं का?

उशिरा_उठणारा:
वय ४३. गेली पाच वर्षं आठवड्यातून तीनदा पुणे विद्यापीठात ५ किमी पळतो, किलोमीटरला साधारण ९ मिनिटं लागतात आणि मध्ये दोनदा चालतो, लपवत नाही. परवा आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकाने टाकलं की किलोमीटरला सात मिनिटांच्या वरचा पेस म्हणजे जॉगिंग, उगाच रनर म्हणवून घेऊ नका. डोक्यात गेलं राव. माझ्या मते जो नेमाने पळतो तो रनर, विषय संपला.

पेडररोड_४२:
विषय अजिबात संपला नाही. पेसचं सोडा, पण बाथरूममध्ये रोज गाणाऱ्याला आपण गायक म्हणतो का? मुंबई मॅरेथॉनला ३५ किमी झाल्यावर परतीचा पेडर रोडचा चढ येतो ना, तिथे पोटऱ्या दगड होतात आणि चार महिन्यांत बुडवलेला एकेक लाँग रन आठवतो. त्यासाठी लोक लग्नाच्या पंगतीतून दहाला उठून घरी झोपायला जातात. तुम्ही पळता, छानच आहे, पण मग आम्ही करतो त्याला वेगळा शब्द द्या.

माणदेशी:
वेगळा शब्द आहे की, धावपटू. तो आमच्या मोहीच्या ललिता बाबरसाठी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) फायनल पळाली ती. तुम्ही दोघंही त्यात बसत नाही, मीही नाही 😄

माझा धाकटा भाऊ पोलीस भरतीसाठी पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळायचा. पुरुषांना १६०० मीटर असतं, ५ मिनिटं १० सेकंदात मारलं तर पैकीच्या पैकी २० मार्क, म्हणजे किलोमीटरला सव्वातीन मिनिटांच्या आत. बूट मित्राचे, तेही एक नंबर मोठे. काय करतोस विचारलं तर म्हणायचा "भरती करतोय". रनर हा शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही, आणि भरती झाली त्या दिवसापासून पळणं बंद ते आजतागायत. मराठीत आपण "पळायला जातो" म्हणतो तेवढं पुरतं की. नाम करायला गेलं तर पळपुटा होतं.

गुडघेदुखी:
पळपुटा भारी होतं 😂 पण माणदेशी, तुमच्या भावाला पहाटे चारला कुणी अडवलं नाही, म्हणून त्याला शब्दाची गरज पडली नाही. मी सुरू केलं तेव्हा सासूबाई रोज विचारायच्या, उजाडायच्या आत कुठं निघालीस? पळायला, हे उत्तर चालायचं नाही, पळायला काय, तू काय शाळेत आहेस का? मग सातारा हिल हाफ मॅरेथॉन केली, यवतेश्वरचा घाट चढून परत, २१ किमी, छातीवर बिब (स्पर्धेचा नंबर) लावलेला फोटो हॉलमध्ये आला आणि पुढच्या महिन्यात त्याच सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या, "आमची सून रनर आहे, तिला लवकर झोपायचं असतं". मला पहाटेचे दोन तास त्या शब्दाने मिळवून दिले हो.

आता १४ महिने झाले, गुडघ्यामुळे पळणं बंद आहे. बूट अजून दाराशीच ठेवलेत. उशिरा_उठणारा यांच्या व्याख्येने मी आज रनर नाही, कारण नेम कुठाय? पेडररोड यांच्या व्याख्येने मी कधी नव्हतेच बहुतेक, फुल मॅरेथॉन केली नाही ना.

उशिरा_उठणारा:
ताई, तुमच्यामुळे माझी व्याख्या पंक्चर झाली. आजारपणाची सूट धरा त्यात. पण तीही किती महिन्यांची, हे ठरवणारा मी कोण?

पेडररोड_४२:
घाट चढलेल्याला मी नाही म्हणणार नाही. पार्किंगपासून गेटपर्यंत पळून स्ट्राव्हा ॲपवर टाकणाऱ्यांबद्दल माझं मत तेच आहे.

बाय द वे ताई, साताऱ्याचा टाइम किती होता तुमचा?

गुडघेदुखी:
आलाच का शेवटी हा प्रश्न. सांगणार नाही.