आमच्या शेजारी अफोर्डेबल हाउसिंग येतंय, पिटिशनवर सही करावी का?

पाटीपेन्सिल:
मंडळी, अमेरिकेत सेंट्रल न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये (म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या गावात) राहतो, नाव मुद्दाम देत नाही. आमच्या डेव्हलपमेंटला लागून एक बंद पडलेला ऑफिस पार्क आहे, पार्किंग लॉटच्या भेगांतून गुडघाभर गवत वाढलंय, तिथे आता मोठा अपार्टमेंट कॉम्प्लेक्स येणार आणि त्यातली पाचातलं एक या हिशोबाने घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखीव. झालं, आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटलाय. निम्म्या लॉन्सवर 'ओव्हरडेव्हलपमेंट थांबवा'चे बोर्ड लागले, पिटिशन दारोदार फिरतंय. सुरुवात सगळे ट्रॅफिक आणि शाळेपासून करतात पण दोन मिनिटांत गाडी 'तसले लोक येतील'वर येतेच. आम्ही हे घर शाळांसाठीच घेतलं, ऐपतीच्या जरा बाहेर जाऊन, त्यामुळे किंमत पडेल म्हटलं की पोटात गोळा येतो हे खरं. बायको म्हणते सही केलीस तर बघ, शेजारचे काका म्हणतात नाही केलीस तर बघ. टाउनशिपला हे नाकारता येतं का? आणि किमती खरंच पडतात का? ऐकीव नको, कोणाला नीट माहिती असेल तर सांगा.

झब्बू:
डोळे झाकून सही करा. आपण इथे आलो तेव्हा कोणी सबसिडी दिली होती का? वर्षानुवर्षं अपार्टमेंटात काढली, डाउन पेमेंट साठवलं, मग कुठे घर झालं. मॉर्गेज आम्ही भरायचं, दहा-पंधरा हजार डॉलर प्रॉपर्टी टॅक्सही आम्हीच भरायचा आणि त्याच शाळेत बाकीच्यांची मुलं निम्म्या भाड्यात. गरिबांबद्दल आकस नाही, पण ज्याला जे परवडतं त्याने तिथे राहावं, एवढं साधं आहे.

गवतीचहा:
पाटीपेन्सिल, आधी तुमचा पहिला प्रश्न. न्यू जर्सीत टाउनशिपला हे सरसकट नाकारता येत नाही आणि हे आजचं नाही. माउंट लॉरेल म्हणून साउथ जर्सीत गाव आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मुलांना स्वतःच्याच गावात घर परवडेना म्हणून त्यांनी ३६ अपार्टमेंट्स बांधायची परवानगी मागितली, गावाने झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेवर काय आणि किती बांधायचं याचे नियम, पुढे करून नाही म्हटलं. एथेल लॉरेन्स या बाई कोर्टात गेल्या आणि १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मोठमोठे प्लॉट सक्तीचे करून गरिबांना बाहेर ठेवायचं चालणार नाही, प्रत्येक वाढत्या गावाने आपला वाटा उचलायचा. गावांनी अर्थातच टोलवाटोलवी केली, मग १९८३ च्या निकालात कोर्टाने बिल्डरांच्या हातात हत्यार दिलं: गाव आपला वाटा उचलत नसेल तर बिल्डरने दावा लावायचा, काही घरं राखीव ठेवायची आणि झोनिंगपेक्षा दाट बांधायची परवानगी कोर्टातून मिळवायची. त्यामुळे तुमचं पिटिशन यशस्वी होऊन टाउनशिपचा प्लॅनच कोसळला तर जागा कुठली आणि घरं किती हे टाउनशिपच्या हातात राहत नाही, बिल्डर आणि जज ठरवणार. हे पिटिशनवाल्यांनी तुम्हाला सांगितलं का?

मधल्या काळात एक गंमत होती, श्रीमंत गावं पैसे मोजून आपला निम्मा कोटा दुसऱ्या शहरांच्या गळ्यात घालायची, कायदेशीर. ते २००८ मध्ये बंद झालं. मग यावर देखरेख करणारी सरकारी कौन्सिल नियमच धड करेना म्हणून २०१५ मध्ये कोर्टाने सगळं परत स्वतःकडे घेतलं आणि २०२४ च्या कायद्याने ती कौन्सिल बरखास्तच केली. आत्ता गावागावाचा वाटा ठरवायची २०२५ ते २०३५ ची चौथी फेरी चालू आहे, म्हणून एकाच वेळी सगळ्या गावांत बोर्ड दिसतायत.

किमतीचं म्हणाल तर अभ्यास झालाय आणि तो खुद्द माउंट लॉरेलचाच आहे. एवढी भांडणं होऊन शेवटी २००० च्या सुमारास तिथे लोक राहायला आले, आज १४० घरं आहेत, एथेल लॉरेन्स यांचंच नाव आहे, त्या मात्र १९९४ मध्येच गेल्या. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या तशाच गावांशी तुलना केली: घरांच्या किमती, गुन्हे, टॅक्स, कशातच त्या प्रोजेक्टमुळे फरक सापडला नाही. शेजारच्या बऱ्याच लोकांना तर असं काही बाजूला आहे हेच माहीत नव्हतं.

झब्बू:
एक चांगलं उदाहरण सगळेच देतात. सेंट लुइसच्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीचं काय झालं ते पण सांगा की, सरकारने बांधलं आणि सरकारनेच सुरुंग लावून पाडलं.

गवतीचहा:
सांगतो. तिथे अकरा मजली ३३ इमारती एकाच ठिकाणी, सगळे गरीब एका जागी कोंबलेले आणि देखभालीचा खर्च त्यांच्याच भाड्यातून काढायचा, इकडे शहरातून लोक सबर्बला पळतायत. १९७२ पासून पाडायला सुरुवात केली. पण हे तर सगळं एकत्र कोंबू नका याचं उदाहरण झालं ना झब्बूसाहेब! विखरून थोडी थोडी घरं ही कल्पना त्यानंतरच जोर धरून आली. नव्वदच्या दशकात पाच शहरांत सरकारने प्रयोग केला, गरीब वस्तीतल्या काही कुटुंबांना लॉटरी पद्धतीने घरभाड्याचं व्हाउचर देऊन बऱ्या भागात जायची संधी दिली. सुरुवातीचे निकाल काही ग्रेट नव्हते, मोठ्यांच्या कमाईत फरक पडला नाही. पण २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी वगैरेंनी मुलांचं पुढे काय झालं ते बघितलं, तर तेरा वर्षांच्या आत असताना हललेल्या मुलांची विशी-पंचविशीतली कमाई साधारण ३१ टक्के जास्त निघाली. मोठ्या वयात हललेल्यांना मात्र फायदा नाही, उलट थोडा तोटाच दिसला.

आणि 'कमी उत्पन्न' म्हणजे नक्की कोण हे बघा एकदा. त्या भागाच्या मीडियन, म्हणजे बरोबर मधल्या कुटुंबाच्या, उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत मॉडरेट, ५० पर्यंत लो, ३० पर्यंत व्हेरी लो. सेंट्रल जर्सीत चौघांच्या कुटुंबाला मॉडरेटची मर्यादा एक लाख डॉलरच्याही वर जाते. तुमच्या मुलांच्या शाळेतली टीचर त्यात बसते.

उंबरठा:
इतके दिवस नुसती वाचते, आज राहवलं नाही. मी अशाच एका घरात राहते, विकत घेतलेलं आहे, फुकट नाही, मॉर्गेज आहे, टॅक्स भरते, एचओएची, म्हणजे सोसायटीची, फी पण भरते. घटस्फोटानंतर मुलीची शाळा बदलायची नव्हती, डेंटिस्टकडे फ्रंट डेस्कला काम करते, त्या पगारात त्या गावात दुसरं काहीच मिळत नव्हतं. लॉटरी, मग पे स्टब, टॅक्स रिटर्न, बँकेचे कागद, एक कागद जुना झाला की परत सगळं नव्याने. आणि विकायला काढलं तर मार्केट कितीही चढो, ठरलेल्या हिशोबानेच किंमत लावायची आणि उत्पन्नात बसणाऱ्यालाच विकायचं. म्हणजे तुमच्यासारखा घराचा पैसा होत नाही माझा.

आमची रांग सगळ्यात मागे आहे, पावसाचं पाणी साठवायच्या खड्ड्याच्या, डिटेन्शन बेसिनच्या कडेला. पुढच्या रांगांना दगडी फेसिंग आणि गॅरेज, आम्हाला नुसतं विनाइल साइडिंग आणि गाड्या उघड्यावर, त्यामुळे बर्फ पडला की सकाळी कोण गाडी खरवडतंय त्यावरून कळतं कोण कुठल्या रांगेतलं. पूलवर एक देशी बाई मला सांगत होत्या की मागच्या लाइनीतल्यांमुळे पार्किंगचा त्रास होतो. मी हो म्हटलं, त्रास होतोच, आम्हाला जास्त होतो. तर पाटीपेन्सिल, सही करायची की नाही ते तुम्ही बघा, पण राखीव घरं त्याच बिल्डिंगांत मिसळून देणार की वेगळी कोपऱ्यात, हे मीटिंगला जाऊन नक्की विचारा.

काटकोन:
उंबरठाताई, बरं झालं लिहिलंत.
मला मात्र वाटतं या धाग्यावर खरा मुद्दा कोणी काढतच नाहीये, तो म्हणजे पायलट. टॅक्सऐवजी ठरावीक रक्कम भरायची सवलत, जी टाउनशिप बिल्डरला तीस वर्षांपर्यंत देऊ शकते, त्यासाठी जागा 'रीडेव्हलपमेंट एरिया' जाहीर करावी लागते आणि बंद पडलेला ऑफिस पार्क यात आरामात बसतो. नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्समधला निम्मा भाग शाळांना जातो. पायलटच्या पैशातले ९५ टक्के टाउनशिपला, ५ काउंटीला, स्कूल डिस्ट्रिक्टला द्यायचं बंधनच नाही. म्हणजे मुलं येणार पण शाळेचा पैसा येईलच असं नाही, आणि ती मुलं काय फक्त राखीव घरांतली नसणार, बाकीची ८० टक्के लक्झरी अपार्टमेंट्स आहेतच की, तिथेही शाळेसाठीच लोक येतात. सवलत खातो बिल्डर आणि शिव्या खातात उंबरठाताईंसारखे लोक. झब्बू, तुमचा टॅक्सचा राग रास्त आहे पण पत्ता चुकलाय.

झब्बू:
पायलटचं माहीत नव्हतं, ते वाईटच आहे. पण त्याने माझं मत बदलत नाही, दाट बांधकाम म्हणजे दाट बांधकाम, आमच्या दोन लेनच्या रस्त्याचं काय? आणि ताई, तुमच्याबद्दल वैयक्तिक काही नाही हो.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे आभार. पिटिशनचा कागद नीट वाचला, त्यात पायलटचा पत्ताच नाही, नुसतं 'गावाचं कॅरेक्टर टिकवा'. त्यावर सही करत नाही. पण आमच्या इथे पायलट दिलाय की नाही हे बघायचं कुठे? काउन्सिलच्या मीटिंगला विचारलं तर अजून ठरतंय एवढंच म्हणाले.

काटकोन:
टाउनशिप क्लर्ककडे ओप्राची (सरकारी कागद मागायचा इथला कायदा, आपल्या आरटीआयसारखा) रिक्वेस्ट टाका, ऑनलाइन फॉर्म असतो, कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रीडेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट आणि फायनान्शियल अ‍ॅग्रीमेंट दोन्ही नावं घालून मागा, नुसतं 'प्रोजेक्टचे कागद' लिहिलंत तर मोघम आहे म्हणून परत पाठवतील. काउन्सिलला पायलटसाठी ऑर्डिनन्स आणावा लागतो, म्हणजे मत देण्याआधी पब्लिक हिअरिंग होणारच, अजेंड्यावर लक्ष ठेवा. आणि त्याच रिक्वेस्टमध्ये ट्रॅफिक स्टडी पण मागून घ्या झब्बूंसाठी, ऑफिस पार्क भरलेला होता तेव्हाच्या गाड्यांशी तुलना केलीये की आत्ताच्या रिकाम्या लॉटशी ते बघा, त्यावर बराच खेळ चालतो.